दोन डझन झिरमिळ्या

मी मराठीचा शिक्षक आहे आणि मला मराठी येतं, असा माझा बावीस वर्षं समज होता.

गेल्या वर्षी गौरींसाठी सटाण्याहून माझ्या आत्येसासूबाई आमच्या नाशिकच्या फ्लॅटवर आल्या. आई गेल्यावर माझ्या बायकोला, मीनाला, त्यांनीच वाढवलं. त्यामुळे त्या आल्या की मी अजूनही बोहल्यावरून नुकताच उतरल्यासारखा वागतो.

सकाळी त्या म्हणाल्या, "जावईबापू, बाजारात चाललात तर गौरींसाठी झिरमिळ्या आणा. दोन डझन. लाल-पिवळ्या बघून घ्या. अन् चेपलेल्या नकोत बरं!"

"आणतो की!" मी म्हणालो.

झिरमिळ्या! हा शब्द मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. पण विचारणार कसा? (मराठीच्या मास्तरानं मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा? तोही सासरच्यांना?) मी तर्क लढवला. गौरींच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. त्यात 'चेपलेल्या नकोत'. म्हणजे भाजीच!

पहिल्या भाजीवाल्याला विचारलं, "झिरमिळ्या आहेत?"

"सकाळीच संपल्या, साहेब!" तो ठासून म्हणाला. (हा माणूस माझ्याच जातकुळीचा, हे मला नंतर कळलं.)

पुढे हरसूलकडच्या एक मावशी रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. "नाय बा, आमच्या डोंगरात नाय होत ती. दिसती कशी?"

"लाल-पिवळी."

"मंग शिमला मिरची असंल!"

शिमला मिरची... शिमिर्ची... झिरमिळी! माझ्या अंगावर काटा आला. व्युत्पत्ती सापडली होती! दोन डझन रंगीत मिरच्या घेतल्या आणि तिथूनच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आजचा शब्द: झिरमिळी. बागलाणातली, म्हणजे सटाण्याकडची, रंगीत ढोबळी मिरची.' पाच मिनिटांत अकरा नमस्कार! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'सर, भाषेची काय ती जाण! संध्याकाळी बघायलाच येते.'

घरी आत्याबाई स्टुलावर चढून मखर बांधत होत्या. खाली न बघताच त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर मिरची ठेवली.

"हाई काय शे?" हे काय, असं विचारताना त्या थेट अहिराणीवर आल्या.

"झिरमिळी!"

"अहो, ही मिरची! झिरमिळ्या म्हंजे मखराला लोंबतात त्या, रंगीत कागदाच्या! वाऱ्यानं सळसळतात त्या!"

मीना स्वयंपाकघरातून धावत आली, पिशवीत डोकावली आणि हसता हसता जमिनीवरच बसली.

"मी परत जातो," मी म्हणालो.

"आता? सगळे रस्ते गर्दीनं भरलेत. गौरी तासाभरात घरात यायच्या!" मीना म्हणाली.

मखर उघडंबोडकं उभं होतं. मी पिशवी खाली ठेवली. "आत्याबाई, खरं सांगू? मला तो शब्दच माहीत नव्हता."

त्या स्टुलावरून उतरल्या. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली.

"मग विचारायचं ना! मी काय परकी आहे?" त्या एवढंच म्हणाल्या. मग माझ्या हातात दाभण दिलं. "ओवा!"

आम्ही दोघांनी देठांतून दोरा घालून मिरच्या ओवल्या. लहानपणी त्या आणि मीनाचे बाबा खळ लावून झिरमिळ्या करायचे आणि अर्धी खळ एकमेकांच्या केसांना लागायची, हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकलं. तेरा वर्षांच्या संसारात आत्याबाईंशी मी इतका वेळ कधी बोललोच नव्हतो.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. "अय्या, याच का त्या झिरमिळ्या?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "याच. आमच्या जावईबापूंची हौस!"

(आरतीत त्यातली एक हौस सुटून थेट माझ्या टकलावर पडली. आत्याबाईंनी टाळ्यांची लय चुकू दिली नाही.)

सुट्टीनंतर शाळा उघडली. नववीत एका मुलीनं धड्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. सवयीनं उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं, व्युत्पत्तीसकट! मी ते गिळलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही गं. बघून सांगतो."

मग मागच्या बाकापासून टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. बावीस वर्षं जीव तोडून शिकवलं, पण टाळ्या मिळाल्या त्या काही येत नाही म्हटल्यावर!