एक कप पेट्रोल

वाटूर फाट्यावरचा आमचा वेल्डर कुठल्याही प्रश्नाला आधी ‘बराबर’ म्हणतो आणि मग हसतो. त्याने भंगारातल्या रिक्षाची चाकं अन् मोटारसायकलचं इंजिन जोडून शेतात पळणारी बग्गी केली आणि पहिल्या फेरीला मला शेजारी बसवलं. नांगरटीच्या ढेकळांवरून आम्ही सशासारखे उडत निघालो. पुढे विहीर दिसली.

“ब्रेक दाब की बाबा,” मी म्हणालो.

“बराबर. ब्रेकचंच काम करून राह्यलो सध्या,” तो हसला. “भिऊ नका सर, पेट्रोल एकच कप टाकलंय.”

विहिरीच्या अलीकडे इंजिन आचके देत बंद पडलं. मला हसू आवरत नव्हतं. पायाशी लोळणारा चहाचा कप उचलून मी त्याच्यापुढे धरला.

“गाडी वळव, अन् आता दोन कप टाक.”