बंद माईक

“ती खांबामागं उभी हाय, ती पोरगी मुकी हाय व्हय गं?”

शमीमआपांनी हे मदतीला आलेल्या बाईच्या कानात विचारलं होतं. फक्त हातातला माईक बंद करायचा राहिला. त्यामुळे प्रश्न आमच्या कॉलनीच्या नवरात्राच्या मांडवात चारही स्पीकरमधून ऐकू आला आणि बहुधा कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाऊन आला. स्टेजवर माझी आई तोंडात चमचा आणि चमच्यात लिंबू घेऊन उभी होती. तिने चमचा काढला, पैठणीवर पाणी सोडलं आणि मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं उत्तर दिलं, “मुकी नाही हो, इंग्लिश मीडियमची आहे!”

मांडवात जो हशा उठला, त्याची आठवण कॉलनीत अजून निघते. खांबामागची पोरगी मी.

मी मुकी नव्हते, पण आपांचा अंदाज फार चुकला नव्हता. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्लिश शब्द आला की मावश्या “मॅडम आल्या” म्हणायच्या. दोन्हीकडे गप्प बसणं सोयीचं पडलं. बोलायच्या आधी मी वाक्य मनात तपासून घ्यायचे. तपासून होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

शमीमआपांचं उलट होतं. त्यांचं वाक्य आधी बाहेर पडायचं आणि मग त्या ते तपासायच्या, तेही वेळ असला तर. गणपती, नवरात्र, संक्रांत या दिवसांत गल्लोगल्ली बायकांसाठी पैठणीचे खेळ होतात, त्यांचा माईक आपांच्या हातात असायचा. पहिलं बक्षीस पैठणी, दुसरं हुपरीचे चांदीचे पैंजण, बाकीच्यांना स्टीलचा डबा आणि आपांची बोलणी. वडिलांचा मांडव आणि साउंड सिस्टीमचा धंदा. “चालायला लागायच्या आधी मी ‘हॅलो, चेक’ म्हणत होतो,” असं त्या सांगत. कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या. बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्याचंही कारण तयार होतं: “परीक्षा आणि लगीनसराई एकाच टायमाला येती. मी तरी काय करणार?”

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी आईला हाक मारायला वळले.

“आई नको. तूच पायजेस. काल माईक चालू ऱ्हायला गं. वाईट वाटलं?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“बघ, आत्ता पण मानच हलीवली.” त्या सरळ आत येऊन डायनिंग टेबलाशी बसल्या. “मला इंग्लिश पायजे. मुलाखत हाय. जपानची.”

आपांचे मिस्टर इरफानभाई शिरोलीच्या फाउंड्रीतून जपानच्या फाउंड्रीत गेले होते. आपाही दीड वर्ष तिकडे राहून भावाच्या लग्नासाठी आल्या होत्या आणि आल्याच आहेत तर नवरात्राचे कार्यक्रम घेत होत्या. जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्या मुख्य शिक्षकाच्या जोडीला एक साहाय्यक असतो. पोरांशी इंग्रजीत बोलायचं आणि त्यांना बोलतं करायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी परदेशातून येणाऱ्याला पदवी लागते, कारण पदवीशिवाय त्या कामाचा व्हिसाच मिळत नाही. आपा मात्र नवऱ्याच्या व्हिसावर होत्या. परवानगी काढली की त्यांना ठरावीक तासांचं काम करता येत होतं आणि त्या परवानगीला पदवी आडवी येत नव्हती. प्रश्न शिक्षक नेमणाऱ्या संस्थेचा होता. तिथे रांगेत पदवीवाले उभे होते.

“त्यांना पटवायला लागतंय,” आपा म्हणाल्या. मग जरा थांबल्या. आपा थांबल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. “सकाळी इरफान कामावर गेला की संध्याकाळपतूर मी फ्रिजसंगं बोलतो. दीड वर्ष! परवा इथं पहिल्याच कार्यक्रमात माझा आवाज चिरकला. माझा! ही नोकरी न्हाय मिळाली, तर तिकडं परत जाऊन मी पण खांबामागंच.”

मला नाही म्हणता आलं नाही. तसं मला काहीच म्हणता यायचं नाही, पण त्या दिवशी नाही म्हणायचंही नव्हतं.

आपा रोज उशिरा यायच्या, आल्या की आईच्या डब्यातला चिवडा स्वतः काढून घ्यायच्या आणि माझ्या शेजारी बसायच्या. ‘अहो आपा’ म्हटलं की चिडायच्या. “आपा म्हणतीस आणि अहो-जाहो करतीस? तू म्हण की.” ते मला जमलं नाही. मी त्यांना उत्तरं तयार करून दिली. तुम्हाला शिकवायला का आवडतं, तुमचे गुण कोणते, जपानबद्दल काय वाटतं. वाक्यं सुरेख होती, हे आजही सांगते. आपांनी ती पाठ केली. आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. तीन गल्ल्यांपलीकडून ओळखू येणारा तो आवाज माझ्या वाक्यांत शिरला की बारीक व्हायचा. खांदे आत, नजर टेबलावर. समोर बसलेल्या आपा मला फार ओळखीच्या वाटायला लागल्या. आरशात रोज दिसणारं कुणीतरी तिथं बसलं होतं.

“केतकी,” एक दिवस त्या म्हणाल्या, “तुझी वाक्यं ब्लेझरसारखी हायती. भारी हायती. पण घातली की हात वर होत न्हाय.”

मी हसले. त्याही हसल्या. मग आम्ही उत्तरं बाजूला ठेवली. मी एवढंच सांगितलं की वाक्यं छोटी करा आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घ्या, कारण तुमचं इंग्रजी चुकतं त्यापेक्षा पळतं जास्त. हे त्यांना पटलं. “स्पीकरमध्ये एको आला की असंच थांबायला लागतंय,” म्हणाल्या.

मुलाखतीत पाच-दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता. “तिथली मुलं कशी असतात?” मी विचारलं. जपानात आपांच्या शेजारच्या घरातली मुलं त्यांनी पाहिली होती.

“गुणाची. पण काय विचारलं की खाली बघत्यात. चुकंल म्हणून बोलतच न्हाईत.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम टेबलावर हात मारला. “या अल्ला! सगळा वर्ग केतकीनं भरलेला हाय की!”

त्या दिवसापासून मी वर्ग झाले. आपांनी पिशवीतून बिनवायरचा माईक काढला. जाळीला पोचा आलेला, वडिलांच्या दुकानातला जुना. त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. उठून शेजारी आल्या, माझ्याच दिशेला तोंड करून बसल्या, खिडकीबाहेर बघत माईक माझ्या हातात दिला आणि इंग्रजीत विचारलं की तुला कोणतं फळ आवडतं. माईकवरचा हिरवा दिवा विझलेला होता. बंद माईकला काय घाबरायचं? मी पुटपुटले, सीताफळ. “आणि?” आंबा. “आणि?” तिसऱ्या फळाला माझाच आवाज आपांनी गुपचूप टेबलाखाली ठेवलेल्या स्पीकरमधून खणखणीत बाहेर आला आणि मी खुर्चीतून उडाले.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “कोण बोललं?”

“तुमची इंग्लिश मीडियम,” आपा म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. उखाणा घ्यायला लाजणाऱ्या बाईला त्या कधी समोरून माईक देत नसत. “समोरनं दिला की तो माईक न्हाय, बंदूक वाटती. बाजूनं द्यायचा. तोंडाला न्हाय, हाताला द्यायचा. आणि पहिल्यांदा बंद माईक द्यायचा. बाई बंद माईकमध्ये बोलती, बघती, काय बी झालं न्हाय, कोण हसलं न्हाय. मग आपण अंगठ्यानं हळूच बटण सारायचं. तोवर ती बोलतीया की!”

मुलाखत आमच्या घरातून झाली, कारण नेट आमच्याकडे बरं होतं. आपा पंजाबी ड्रेसवर भावाचा ब्लेझर घालून आल्या. मी लॅपटॉपच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. पडद्यावर एक गृहस्थ होते आणि त्यांच्या शेजारी एक जपानी बाई. गृहस्थांनी दुसऱ्याच प्रश्नाला पदवीचं काढलं. त्यासाठी मी एक लांब, सभ्य वाक्य शिकवलं होतं.

आपांनी श्वास घेतला. “नो डिग्री, सर. कॉलेज टू इयर्स. आफ्टर दॅट, माईक.”

गृहस्थांना कळलं नाही. आपांनी पिशवीतून माईक काढून दाखवला आणि छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं की मी हजारो लाजऱ्या बायकांना बोलायला लावलं आहे. हजारो हे जरा जास्तच होतं. आपांचे आकडे नेहमी मांडवाच्या मापाचे असायचे.

मग नमुना पाठ. जपानी बाई विद्यार्थिनी झाल्या आणि त्यांनी हुबेहूब खाली मान घातली. आपांनी फळ विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. समोर पडदा, माईक हातात देता येईना, बाजूला जाऊन बसता येईना. आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त हाताची मूठ त्यांना दाखवली आणि अंगठा खाली सारला. बटण बंद.

आपा हसल्या. त्यांनी तळहात पुढे करून आमच्या लॅपटॉपचा कॅमेरा झाकून टाकला आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. तिकडे पडदा काळा झाला असणार. “नाऊ आय डोंट सी. यू डोंट सी. नोबडी. ओन्ली टेल.”

पलीकडून एक बारीक आवाज आला, स्ट्रॉबेरी आवडते.

“स्ट्रॉबेरी!” आपांनी हात काढला आणि आमचं घर दणाणलं. “व्हेरी गुड! महाबळेश्वर! कम, आय गिव्ह!”

त्या जपानी बाई तोंडावर हात धरून हसत होत्या. गृहस्थही हसत होते. लॅपटॉप बंद झाल्यावर आपांनी ब्लेझर काढून खुर्चीवर टाकला आणि मला विचारलं, “शेवटाला त्यांनी तीन प्रश्न विचारले, ते काय होते गं?” त्यांना एकही कळला नव्हता. त्यांनी तिन्हींना भलतीच उत्तरं दिली होती, तीही मोठ्याने.

आमच्या लॅपटॉपवर मेल आला तेव्हा आपा वडिलांच्या मांडवाच्या गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजून घेत होत्या. मी धावत गेले. काम मिळालं होतं. परवानगी काढून घ्यायची आणि एप्रिलपासून दोन प्राथमिक शाळांत आठवड्यातले काही दिवस जायचं. आपांनी मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या ढसाढसा रडल्या. रडून झाल्यावर विचारलं, “असिस्टंट म्हंजे नेमकं काय गं?”

“मुख्य बाई पुढे उभ्या राहतात. तुम्ही बाजूला.”

“मग बरोबर हाय,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “माईक बाजूनंच द्यायचा असतोय.”

जायच्या आधीचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम आमच्या कॉलनीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा होता. तोच मांडव, तेच खांब. हळदीकुंकू सुरू झालं की आपा वायरी गुंडाळायचं निमित्त काढून बाजूला व्हायच्या, पण वाण मात्र हक्काने मागून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वाणाच्या वाट्यांचा ढीग झाला होता. “एवढ्या वाट्या विमानात कुणाच्या डोस्क्यावर ठेवू?” असं विचारून त्यांनी सगळ्यांना हसवलं आणि मग सांगितलं, पुढच्या संक्रांतीला मी नसणार.

बायका गप्प झाल्या. कुणीतरी डोळ्याला पदर लावला. आपांना असली शांतता सहन होत नसे. माईक घेऊन त्या स्टेजवरून खाली उतरल्या, खुर्च्यांमधून वाट काढत थेट माझ्या खांबापाशी आल्या. मागून एक काकू ओरडल्या, “आता बोला, इंग्लिश मीडियम!” आईने पहिल्या रांगेतून मागे वळून पाहिलं. आई माझ्याऐवजी उत्तर देणार, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आपांनी तिला हाताने थांबवलं.

त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माझ्याच दिशेला तोंड करून, भलतीकडे बघत, त्यांनी माईक माझ्या हातात दिला. जाळीचा पोचा माझ्या बोटाला लागला. मी खाली पाहिलं. हिरवा दिवा विझलेला होता आणि आपांचा अंगठा बटणाजवळ तयार होता. मी काहीतरी पुटपुटेन, मग अर्ध्यातून तो सरकेल, हे मला पाठ होतं. एप्रिलमध्ये हा अंगठा कुणा दुसऱ्या केतकीच्या शेजारी असणार होता. तिला त्याची गरज होती.

सगळ्या बायका वाट बघत होत्या. मी या वेळी वाक्य तपासलं नाही. माईक तोंडापासून लांब धरला आणि गेटापाशी चपला शोधणाऱ्या बायकाही वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाले,

“आपा, आधी बटण चालू कर की!”