फुकट जागेचा राखणदार

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. मॉलमध्ये कोणी अत्तर लावलेली कागदाची पट्टी पुढे केली तरी मी हात खिशात घालते. देवाच्या बाबतीतही माझं साधारण तसंच होतं. आई रोज दिवा लावायची, मी लांबून बघायचे आणि मनात म्हणायचे, बदल्यात काय मागणार आहेस ते आधी सांग. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं एका फुकट मिळालेल्या जागेबद्दल आहे.

आईला न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलात तिला ठेवलं त्या खोलीला खिडकी नव्हती. ती बरी होऊन दिंडोशीला घरी आली, पण तिची झोप तिथेच राहून गेली. दार लावलं की तिचा श्वास कोंडायचा. डोळा लागला की दचकून उठायची आणि कडी काढून जिन्यात जाऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत, भीती आहे, वेळ द्या. काही दिवस आम्ही गच्चीवर गाद्या टाकल्या, तिथे ती झोपली. मग सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं. मी सेक्रेटरीकडे चावी मागायला गेले, पण दारात उभी राहून इतकं हळू बोलले की त्यांनी न ऐकल्यासारखं करून दार लावून घेतलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आईचे डोळे दिवसेंदिवस खोल जात होते. तिला एक रात्र उघड्यावर, सलग झोप मिळावी, एवढंच मला हवं होतं.

मैत्रिणीचा जुना तंबू घेतला आणि फोनवर शोधायला बसले : मुंबईजवळ तंबू लावायला फुकट जागा. रिसॉर्ट आम्हाला परवडण्यासारखे नव्हते. किनाऱ्यावर रात्री राहू देत नाहीत असं लोकांनी लिहिलं होतं, आणि जंगलाच्या बाजूला बिबटे. जिथे ‘फुकट’ असं लिहिलेलं, तिथे खाली आपला फोटो आणि फोन नंबर मागितलेला. शेवटी गोराईच्या खाडीपलीकडची एक मोकळी जागा सापडली. नकाशावर खूण होती, कुणी काही मागत नव्हतं. बोरिवलीहून आम्ही बोटीने पलीकडे गेलो.

जागेवर स्कूटरवाला एक माणूस उभा होता. खुशाल राहा म्हणाला, फक्त आधार कार्डं सकाळपर्यंत माझ्याकडे ठेवा. मग त्याने दोनदा विचारलं, दोघीच का? मी म्हटलं, भाऊ मागून येतोय. मला भाऊ नाही. आईचा हात धरून मी सरळ चालू लागले. कुठे ते माहीत नव्हतं, आणि ऊन कलायला लागलं होतं.

गावातल्या वळणावर आपल्या घराच्या ओट्यावर एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. साठीच्या असतील. त्यांनी तंबूची पिशवी बघितली, मग आईकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “काय गो, झोपायला जागा शोधताय? माझ्या वाडीत या. पैसे नको.”

पैसे नको, हे ऐकूनच मी मागे सरले. पण आई आधीच त्यांच्या ओट्यावर टेकली होती. बाईंचं नाव रेजिना, गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. मला मावशी बोल म्हणाल्या. चहा आला तेव्हा त्यांनी स्वतःचा घोट घेईपर्यंत मी कप तोंडाला लावला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझा कप उचलून एक घोट घेतला आणि परत माझ्यापुढे ठेवला. “आता पी,” म्हणाल्या. आई गालात हसली. मी मैत्रिणीला फोनवरून जागेचा पत्ता पाठवला.

घराच्या मागे वाडी होती. विहीर, पालेभाजीचे वाफे, चार माड, आणि मधोमध पांढरा चुना लावलेला दगडी क्रूस. मावशींनी त्याच्या पायाशीच तंबू लावायला सांगितला. तिथेच का, मला समजेना. मी कुंपण बघून घेतलं, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का तेही बघितलं. नव्हती. दिवे लागायच्या सुमाराला मावशींनी वाडीचं फाटक ओढलं, साखळी गुंडाळली आणि कुलूप घातलं. आई साखळीकडे बघत होती आणि तिचा श्वास भरभर चालला होता.

मावशी परत आल्या आणि चावी त्यांनी आईच्या हातात ठेवली. “पिकनिकवाले पिऊन आत घुसतात, म्हणून लावते. तुला वाटंल तेव्हा उघड नि जा. मला विचारू नको.”

मी सेक्रेटरीकडे मागितली ती चावी मिळाली नव्हती. ही न मागता आली. आईने मूठ घट्ट मिटली. हळूहळू तिचा श्वास खाली बसला.

आडवं होण्याआधी आई म्हणाली, “गाऱ्हाणा घालूक व्हया. परक्याची जागा आसा.” आमच्या गावी कोकणात परक्या जागेत राहायचं तर तिथल्या राखणदाराची, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाची, परवानगी मागतात. घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो, बाकीचे प्रत्येक मागणीला “व्हय म्हाराजा” म्हणून होकार भरतात. होकार भरला नाही तर गाऱ्हाणं पोचत नाही असं आई मानते. आता मोठी तीच आणि बाकीचे म्हणजे मी. शाळेत रोज सकाळी इंग्रजी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांबरोबर आमेन म्हणायचे, ते जिभेवर बसलेलं. पण व्हय म्हाराजा मी चारचौघांत कधी म्हटलेलं नव्हतं. त्यात मावशी उभ्या होत्या, समोर क्रूस होता. त्यांना राग आला तर?

आईने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या जाग्यार रवाक इली. काय चुकला माकला आसात तर पोटात घाल, आणि त्यांका सुखान झोप दी रे म्हाराजा.”

ती थांबली. मी क्रुसाकडे बघितलं, मग मावशींकडे. आई थांबूनच राहिली. तेवढ्यात मागून, अगदी मनापासून, रेजिनामावशी म्हणाल्या, “आमेन.”

आई वळली आणि हसायला लागली. हॉस्पिटलातून आल्यापासून ती अशी हसली नव्हती. मावशीही हसल्या. “जागा माझीच हाये ना, मग होकार मीच देणार,” असं काहीसं म्हणाल्या. मग आईने उरलेलं गाऱ्हाणं घातलं, आणि या वेळी मी म्हटलं, व्हय म्हाराजा. हळूच, पण ऐकू जाईल इतकं.

मी विचारलंच की फुकट का. मावशींनी क्रुसाच्या दगडावर हात ठेवला. प्लेगच्या साथीत त्यांचे जुने लोक घरं सोडून या वाडीत झोपड्या बांधून राहिले होते. घरात मरण होतं, उघड्यावर जगले. तेव्हा हा क्रूस उभा केला आणि शब्द दिला की आजारातून उठलेलं कोणी इथे पाठ टेकायला आलं तर नाही म्हणायचं नाही, काही घ्यायचं नाही. “तुझ्या आईचं तोंड बघून कळलं गो,” एवढंच त्या म्हणाल्या.

तरीही मी जागं राहायचं ठरवलं होतं. तंबूच्या जाळीच्या दाराच्या चेनला पाण्याची बाटली बांधून ठेवली, कोणी उघडली तर पडून आवाज होईल म्हणून. पहारा कधी सुटला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर ऊन होतं. बाटली होती तिथेच होती. माझी पहिली नजर आईच्या छातीकडे गेली. ती संथ वरखाली होत होती. रात्री मिटलेली मूठ उघडी पडली होती आणि चावी घरंगळून चटईवर आली होती. तिने चावी कधी सोडली तेही तिला कळलं नसणार. मी चावीला हात लावला नाही.

निघताना मावशींनी क्रुसापाशी मेणबत्ती लावू दिली, बाकी काही घेतलं नाही.

याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. गच्चीचं कुलूप अजून आहे. आई काही रात्री झोपते, काही रात्री नाही झोपत. मीही अनोळखी माणसाचा चहा पटकन पीत नाही. पण जे मिळालं त्याच्या बदल्यात काय, हा हिशोब त्या सकाळपासून मी देवाकडे मागितलेला नाही. आपण झोपलो तरी कोणीतरी जागं असतं, एवढं मला पटलंय, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आई आता रोज अंथरुणावर बसून गाऱ्हाणं घालते. मी खणखणीत होकार भरते. शेवटच्या मागणीनंतर ती मुद्दाम थांबते, माझ्याकडे बघते, आणि मग आम्ही दोघी एकदम म्हणतो, आमेन.