माइक लावलेल्या दोन पैलवानणी

साउंडवाल्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. माइक लावला की माणूस थोड्या वेळाने तो विसरतो आणि खरं बोलायला लागतो! नागावला आम्ही बायकांच्या टीव्ही-कुस्तीच्या शोवर डॉक्युमेंटरी करत होतो. माझ्या हेडफोनमध्ये जे साठलं, त्यातलं हे थोडं.

*

पहिला दिवस. नारळाच्या वाडीतल्या शेडमध्ये रिंग. पालीकडची मंदा, म्हणजे शोमधली ‘वाघीण’, शबनमचे केस धरून गरजत होती, “आज तुझा चेंदा करते!” शबनम म्हणजे खलनायिका, ‘काळी लाट’.

दोघींच्या कपड्यांत आमचे माइक शिवलेले. हेडफोनमध्ये वेगळंच!

“लागतंय का गं?”

“न्हाय. पण केसातली क्लिप टोचतेय, ती काढ.”

आमच्या डायरेक्टर सरांनी विचारलं, “आवाज कसा येतोय?”

म्हटलं, “प्रेमळ!”

*

खलनायिकेने बाहेरही खलनायिकाच राहायचं, असा शोचा नियम. शबनम कोलंबी घ्यायला गेली, तर मासेवाली मावशी भडकली. “आमच्या मंदाला पाडतेस व्हय? तुला न्हाय मिळायची!”

शबनमने नियमाप्रमाणे डोळे वटारले आणि रिकाम्या हाताने परत आली. मग मंदा गेली. तिला मावशीने वर मूठभर जास्तच दिली. कालवण शबनमने केलं!

*

उचलून फेकण्याआधी फेकणारी दुसरीचा हात हळूच दाबते. उलट दाबला, तर ‘ठीक आहे, फेक’. न दाबला, तर थांबायचं. एका प्रॅक्टिसला शबनमने फार उशिरा दाबला.

“मान दुखतेय?” मंदा कुजबुजली.

“गप. अण्णांना कळलं तर उद्या दुसरी आणतील.”

अण्णा म्हणजे कोच. कुठली कुस्ती कोण जिंकणार, हे तेच ठरवायचे. आणि फायनलमध्ये शबनमला खांद्यावरून खाली फेकायचं ठरलं होतं.

*

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “आपण फक्त नोंद करतो. ढवळाढवळ नाही.”

“मान मोडली तर तीही नोंदच का?”

“तू अजून लहान आहेस.” मोठ्यांचे मुद्दे संपले की हे येतंच!

मग मी अण्णांकडे गेले. शबनमचं नाव न घेता विचारलं, “शेवटची फेक जरा सोपी केली तर?”

“पोरी, आयुष्य गेलं माझं माणसं पाडण्यात.”

“आणि पडण्यात?”

तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत.

*

फायनल. मंदा जिंकणार, बेल्ट तिला, पुढच्या सीझनच्या पोस्टरवरही तीच. तिचं अख्खं गाव टेम्पोने आलं होतं, ढोल घेऊन.

मंदाने शबनमच्या कमरेला मिठी घातली. हात दाबला. उलट काहीच नाही. परत दाबला. नाहीच. पब्लिक ओरडत होतं, “फेक! फेक!”

मंदा पाय घसरल्यासारखी सावकाश खाली बसली, पाठ टेकून आडवी झाली आणि शबनमला अलगद स्वतःच्या छातीवर ओढून घेतलं. पाठ टेकलेली असताना तिनापर्यंत मोजलं की हार! रेफरी अण्णांकडे बघत राहिला. अण्णा किंचाळले, “मंदे, ऊठ!” ढोल थांबला. पब्लिकच सवयीने मोजायला लागलं, मग रेफरीला मोजावंच लागलं.

“एक!”

हेडफोनमध्ये शबनम रडत होती. “अगं, जिंकायचं तुला हाय!”

“दोन!”

“गप पडून ऱ्हा माझ्यावर,” मंदा म्हणाली. “हललीस तर खरंखुरं मारीन!”