नदीत मी उतरले

दीड वर्षात आमची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आमच्या हॉर्नबी उपनगरातल्या दुकानांपलीकडे गेली नव्हती. तरी नद्या-डोंगरांतून गाडी चालवण्याचे व्हिडिओ बघून बघून नवरा स्वतःला उस्ताद समजायला लागला होता. म्हणून दुर्गम घळींतल्या कॅम्पिंग ट्रिपचं बुकिंगही त्यानेच केलं.

पाच गाड्या होत्या आणि सर्वांत पुढे आमची गाइड, साठीची एक बाई. पहिल्याच नदीपाशी ती म्हणाली, "आधी चालत जाऊन तळ बघा, मगच गाडी घाला." सगळे उतरले. नवे बूट भिजतील म्हणून नवरा मात्र आतच बसला. मी गुडघाभर गार पाण्यात उभी, आणि हा काच खाली करून विचारतोय, "किती खोल आहे गं?"

"डावीकडून ये, उजवीकडे खड्डा आहे!" मी ओरडले.

तो उजवीकडूनच आला आणि अडकला. गाइडने आपल्या गाडीला पट्टा लावून आमची गाडी ओढून काढली.

संध्याकाळी तंबूपाशी तो सगळ्यांना सांगत होता, "पाण्याचा करंटच जबरदस्त होता, नाहीतर मीच काढली असती." मला त्याची कीवसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या नदीपाशी मी हात पुढे केला. "किल्ली दे."

त्याने ती दिली. मी गाडी सरळ पलीकडे नेली. हा शेजारी बसून फोनला रेंज शोधत होता.