कॅडेन्स की उंची?

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये चढावर कुणी बोलत नाही, कारण दम लागलेला असतो. उतारावर कुणी बोलत नाही, कारण कानात वारा भरतो. त्यामुळं सगळं बोलणं चहाच्या टपरीवर येऊन साठतं. आणि टपरीवर मी गप्प बसलेली असते, म्हणून प्रत्येकाला वाटतं, हिला आपला किस्सा अजून कुणी सांगितलेला नाही! एकच किस्सा मी चार तोंडांनी ऐकते. मग त्यातला खरा भाग कोणता, ते आपोआप कळतं.

ग्रुप छोटाच आहे. माझे अप्पा, ज्यांचं बिदरजवळ नौबादला पाइप आणि पंपांचं दुकान आहे. कुलकर्णी सर, भूगोल शिकवून रिटायर झालेले. मेडिकल दुकानवाल्या नुसरत आपा. शरणू अण्णा, मूळचे मुडबीचे, बियाणांचा व्यापार करतात आणि हळू आवाजात बोलणं त्यांना जमत नाही. आणि शेवटी मी, अंबू, नववीतली.

गेल्या वर्षभरातले बरेचसे किस्से एकाच वस्तूचे आहेत. सायकलचा कंप्युटर! काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, हँडलवर बसतो. साधा असेल तर वेग आणि अंतर दाखवतो. चांगला असेल तर कॅडेन्स दाखवतो, म्हणजे मिनिटाला पाय किती वेळा गोल फिरला ते. आणि समुद्रसपाटीपासून उंचीही दाखवतो.

मला हवा होता कॅडेन्स. गुलबर्ग्याला क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड चाचणी होती. आमच्या पीटीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "ताकद आहे तुझ्यात, पण तू जड गिअर रेटतेस. हलका गिअर टाक, पाय फिरव. मिनिटाला नव्वदच्या आसपास टिकली पाहिजेस."

अप्पांचं म्हणणं वेगळं होतं. "आधी औरादच्या रस्त्याचा घाट न थांबता चढ. ऱ्हायला जायचं मग बघू. ही तोंड उघडत न्हाई. हॉस्टेलात भूक लागली तर कुणाला सांगंल?"

यावर मी काहीच बोलले नाही. म्हणजे अप्पांचंच खरं ठरलं!

*

कुठला कंप्युटर घ्यायचा, यावर टपरीवर मीटिंग झाली.

कुलकर्णी सर म्हणाले, "उंची पाहिजे. आपण पठारावर राहतो, हे बिदरच्या माणसाला माहीतच नसतं."

नुसरत आपांच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना जड गिअर बंद केला होता. त्या म्हणाल्या, "उंची नक्को बाबा. उंची दिसली की गुडघा अगोदरच दुखतो. कॅडेन्स होना."

अप्पा म्हणाले, "वॉरंटी किती हाय ते आधी बघा."

शरणू अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "टाइम दाखवतंय का?"

अप्पा म्हणाले, "अण्णा, घड्याळ हाय की तुमच्या हातात!"

"हात हँडलवर असतोय की! बघायचं कसं?"

सगळे हसले. पण नंतर मी बघितलं, चढावर अण्णा खरंच मनगट वळवून बघतात आणि दर वेळी सायकल डाव्या बाजूच्या मातीत जाते.

शेवटी इंटरनेटवरची माहिती वाचायचं काम माझ्याकडं आलं. "अंबू वाचंल. तिला न बोलता करायचं काम द्या, लई चांगलं करती," असं सर म्हणाले. ते कौतुक होतं.

*

अण्णांना माझं वाचून होईपर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी एक साधा, वायरवाला घेतला. त्यात पेडलच्या दांड्याला बारकं लोहचुंबक बांधायचं असतं. ते सेन्सरसमोरून गेलं की एक फेरी मोजली जाते.

दुसऱ्याच आठवड्यात ते चुंबक कुठंतरी पडलं. अण्णा म्हणाले, "एवढुसं होतं, पडणारच!" आणि त्यांनी घरातल्या जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक काढून चांगलं दोरीनं करकचून बांधलं. पाव किलो तरी असेल.

अण्णांची सायकल लोखंडी. पेडल अर्धी फेरी फिरलं, की चुंबक फ्रेमला खट्‌कन चिकटायचं. अण्णा जोर लावून सोडवायचे. पुन्हा अर्धी फेरी, पुन्हा खट्! स्टेशन रोडवरून ते असेच खट् खट् करत आले आणि घामाघूम होऊन उतरले.

आपांनी विचारलं, "अण्णा, कॅडेन्स दाखवायलंय का?"

"दाखवायचं ऱ्हायलं बाजूला, कॅडेन्सच धरून ठेवायलंय ते!"

*

कुलकर्णी सरांनी उंचीचा कंप्युटर घेतला. तो हवेच्या दाबावरून उंची ठरवतो. वर गेलं की दाब कमी होतो, म्हणून दाब कमी झाला की त्याला वाटतं आपण वर गेलो.

एकदा भर दुपारी आभाळ दाटून आलं. सर टेबलाजवळ बसले होते आणि कंप्युटर टेबलावर. बघतात तर उंची वाढायलीय! सर उठले नाहीत, टेबल हललं नाही, पण संध्याकाळपर्यंत आकडा चांगला चढला.

सरांना आनंद झाला. वर्गात शिकवलेलं डोळ्यांनी दिसलं. त्यांनी काकूंना हाक मारली. "अहो, इकडं या! आपलं घर दुपारपासून तीस मीटर वर गेलंय!"

काकू पदराला हात पुसत आल्या. आकडा बघितला. सरांकडं बघितलं.

"एवढं वर गेलाव तर माळ्यावरचा लोणच्याचा डबा काढून द्या."

*

तेव्हापासून सरांनी नियम केला. हवा बदलते, पण जमिनीची उंची बदलत नाही. म्हणून निघण्याआधी खरी उंची कंप्युटरला सांगायची. खरी उंची कुठं असते? रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या बोर्डावर! गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेली असते.

आता आमचा रविवार स्टेशनपासून सुरू होतो. सायकली बाहेर लावायच्या. सर सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढतात, कारण विनातिकीट आत जाणं त्यांना पटत नाही. मग आम्ही हेल्मेट घातलेली पाच माणसं प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत जातो आणि बोर्डासमोर उभी राहतो. सर आकडा मोठ्यानं वाचतात आणि बटण दाबतात. बाकीच्यांकडं तेव्हा उंचीवाला कंप्युटरच नव्हता. तरी सगळे जायचे!

एकदा गेटवरच्या रेल्वेच्या माणसानं विचारलं, "कुठली गाडी?"

सर म्हणाले, "गाडी न्हाई. उंची बघायला आलोय."

"गेल्या रविवारी बघून गेलाव की! वाढली का काय?"

*

नुसरत आपांनी कॅडेन्सचाच घेतला. त्यांचा सेन्सर बिनवायरचा, रबरानं पेडलच्या दांड्याला बसतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सरासरी ऐंशीच्या खाली जाऊ द्यायची नाही. आपा औषधाची चिठ्ठी जशी वाचतात, तसंच त्यांनी हे वाचलं. म्हणजे अक्षरशः.

एकदा रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही सगळे एक पाय टेकून थांबलो. आपांचाही एक पाय जमिनीवर होता, पण दुसऱ्या पायानं त्या पेडल उलटं फिरवत होत्या. गरागरा! सायकल जागच्या जागी, मागं ट्रॅक्टर, जीप, म्हशी.

अप्पा म्हणाले, "आपा, उलटं कामून फिरवायलाव?"

"सीधा फिरवली तो फाटक में घुसती ना! और थांबली तो सरासरी गिरती!"

मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "आपा, रिव्हर्स घ्यायलाव तर जरा मागं बघा!"

*

इकडं आमच्या घरात निर्णय होत नव्हता. अप्पांना सरांचं बघून उंचीवाला हवा होता. मला कॅडेन्सवाला. पण माझं म्हणणं मी अजून मांडलं नव्हतं.

एका संध्याकाळी दुकानात गेले. वाक्य पाठ केलं होतं. 'अप्पा, मला कॅडेन्सचा पाहिजे, कारण मला चाचणीला जायचंय आणि मी तिथं राहू शकते.' दारापासून गल्ल्यापर्यंत ते नीट लक्षात होतं. अप्पा एका गिऱ्हाइकाला फूटव्हॉल्व्ह दाखवत होते. त्यांनी मान वर केली. "काय गं?"

मी म्हणाले, "वॉशर संपलेत."

खरंच संपले होते. अप्पांनी वहीत लिहून घेतलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "बघा, लेकीचं लक्ष हाय दुकानावर."

रात्री जेवताना आई म्हणाली, "दोघांनाबी एकसारखाच घ्या. उंचीबी असलेला, पायाचंबी असलेला. न्हान लेकरांना कपडे घेतात तसं. न्हाईतर एकाचं बघून दुसरा रुसंल."

अप्पा म्हणाले, "मी काय रुसायलोय?"

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. दोन एकसारखे कंप्युटर आले.

*

जोडायचं काम अप्पांनी दुकानाच्या काउंटरवर केलं. दोन खोकी उघडली, दोन कंप्युटर, दोन सेन्सर. कंप्युटरला त्याचा सेन्सर ओळखायला लावायचा असतो. तो हवेतनंच बोलतो, वायर नसते. मी माहितीपुस्तक पुढं केलं.

"ते राहू दे गं. दहा एचपीची मोटार जोडतोय मी, हे काय!"

रविवारी औरादच्या रस्त्याला निघालो. आमचा घाट म्हणजे पठाराच्या कडेचा लांबलचक चढ. खाली उतरून गेलो, वळलो, आणि अप्पा म्हणाले, "अंबू, न थांबता चढायचं. थांबलीस तर गुलबर्ग्याचं नाव काढायचं न्हाई. दमलीस तर हाक मार, मी थांबतो."

चाचणी त्याच आठवड्यात होती.

सर आणि आपा मागं राहिले. अण्णा आधीच पुढं गेले होते. अप्पा माझ्यापुढं आणि मी त्यांच्या मागच्या चाकाजवळ. त्यांना ओलांडून जाणं मला बरं वाटेना.

थोडं चढल्यावर अप्पा ओरडले, "एकोणनव्वद! बघ, ह्याला पाय म्हणतात!"

मी माझ्या स्क्रीनवर बघितलं. बावन्न! मला पटेना. गिअर हलका होता, पाय भराभर फिरत होते, श्वास लागला होता. पण आकडा बावन्न. म्हणून मी पाय आणखी फिरवले.

"त्र्याण्णव!" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज तुटत होता, पण खूश होता. ते पेडलवर उभे राहून एकेक पाय दाबत होते. माझा आकडा अठ्ठेचाळीसवर आला.

अर्ध्या चढावर मला वाटलं, थांबावं. मॅडमना कसं सांगायचं, याचं वाक्य मी मनात जुळवायला लागले. ते काही जुळेना, म्हणून पाय फिरवत राहिले.

शेवटच्या वळणावर मी गिअर बदलताना जरा मागं पडले आणि अप्पा वळणाआड गेले. माथ्यावर पोचून त्यांनी सायकल थांबवली असावी. कारण माझ्या स्क्रीनवरचा आकडा पन्नासवरनं एकदम शून्य झाला. मी तर फिरवतच होते!

वळणापलीकडून अण्णांचा आवाज आला. "शेठ, हे काय हो? दोनी पाय भुईला लागलेत तुमचे, आन् ह्याच्यावर ब्याण्णव दाखवायलंय!"

"खराब दिलाय मेल्यानं," अप्पा धापा टाकत म्हणाले. "वॉरंटीत हाय म्हणा."

"आता पंच्याण्णव झालं की! थांबूनबी चढायलाव तुम्ही!"

मी वळणातून बाहेर आले. दोघं अप्पांच्या हँडलवर वाकून बघत होते. मी त्यांच्यापर्यंत गेले, ब्रेक लावला आणि पाय टेकला.

अण्णा म्हणाले, "घ्या. बंद पडलं. शून्य!"

अप्पांनी त्या शून्याकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं बघितलं. मग माझ्या हँडलकडं. बाटली उघडली, स्वतः न पिता माझ्या हातात दिली. मी पाणी पिऊन होईपर्यंत ते एकदा माझ्या सेन्सरकडं, एकदा स्वतःच्या सेन्सरकडं बघत होते.

इतक्यात कुलकर्णी सर आले, घाम पुसत, उंचीचा आकडा वाचायला वाकलेले.

"सर," अप्पा म्हणाले, "गुलबर्ग्याला पोरींना सकाळी किती वाजता बोलवलंय?"