खिचडीतला घोळ

माझ्यावर आयुष्यात एकदाच चौकशी बसली, आणि तीही पालेभाजीमुळे.

तसा मी चौकशी बसावी इतका मोठा माणूस नाही. पिरंगुटच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी, नेरे आणि जांब्याच्या मधल्या एका वाडीत घर, आणि घरामागे भाड्याने दिलेल्या खोल्या. जिथे आजोबा भात लावायचे, तिथे आता आम्ही भाडेकरू लावतो. (पीक बारमाही आहे. फक्त पाणी कमी पडलं की पीकच येऊन आपल्याशी भांडतं.) पुढच्या खोल्यांत हिंजवडीला कंपनीत जाणारी मुलं-मुली राहतात आणि मागच्या खोल्यांत त्यांच्या कंपन्यांच्या इमारती बांधणारे मजूर.

माझी बायको सुरेखा वाडीच्या अंगणवाडीत सेविका आहे. मागच्या खोल्यांतली झाडून सगळी पोरं तिच्याकडे येतात. आईबाप दिवस उजाडताच साइटवर पळतात, त्यामुळे पोराच्या हातात वेफर्सचं पाकीट देऊन दार ओढून घेतलेलं असतं. सुरेखा पोरांची वजनं करून घरी आली की जेवताना तिचा घास तोंडात फिरत राहायचा. एकदा मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "पाकिटानं पोट भरतंय वो. अंग भरत न्हाई." मग तिने ठरवलं, की सरकारी खिचडीत रोज मूठभर ताजी भाजी पडलीच पाहिजे, आणि ती भाजी पोरांच्या आयांनीच पिकवली पाहिजे.

प्रश्न जागेचा होता. खोल्यांच्या मागे पाण्याच्या टाकीखाली आमची एक चिंचोळी पट्टी पडून होती. तिच्यावर माझ्या चुलतभावाचा, दत्तूदादाचा डोळा होता. त्याला तिथे पार्किंग करायचं होतं, कारण पुढच्या खोल्यांतली मुलं आता गाड्या घेऊ लागली होती आणि खुद्द दादानेही एक नवीकोरी पांढरी गाडी घेऊन ठेवली होती. जमीन आईच्या नावावर, त्यामुळे सुरेखा आणि दादा दोघंही आईपुढे उभी राहिली. आईने दोघांचं ऐकून घेतलं, मशेरी थुंकून आली आणि निकाल दिला. बाग करा, पण गावातून एक जरी तक्रार आली, तर दुसऱ्या दिवशी तिथे पार्किंग. दादा खूश होऊन गेला. एक तक्रार म्हणजे आमच्या गावात किती अवघड आहे हे त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे चतुर्थीला चंद्र उशिरा उगवला तरी तक्रार येते.

पण बाग झाली. एकेका बाईने एकेक वाफा घेतला. दर रविवारी सुरेखा टाकीखाली पोतं अंथरून आयांचा वर्ग घ्यायची. कशात काय असतं, भाजी आधी धुवायची की आधी चिरायची, पोराला पहिला घास कशाचा द्यायचा, असं सगळं. एकदा ती म्हणाली, पालेभाजीत लोह असतं, त्याने ताकद येते. तेव्हा मध्य प्रदेशातून आलेली फूलवती पदराला हात पुसत म्हणाली, "लोहा तो हम दिनभर उठाते हैं दीदी, ताकत कहाँ आती है?" त्या दिवशीचा वर्ग हसण्यातच संपला, पण पुढच्या रविवारी बायका जास्त आल्या.

आता मूळ मुद्दा. मेथी, माठ, शेपू सगळं लावलं होतं, पण सगळ्यात जोरात जे आलं ते कुणी लावलंच नव्हतं. टाकी भरली की मोटर बंद करणं हे घरातलं एकच काम माझ्याकडे आहे आणि ते मी नियमाने विसरतो. त्या वाहत्या पाण्यावर पट्टीभर घोळ माजला. घोळ म्हणजे जमिनीलगत पसरणारी, जाड गुळगुळीत पानांची, किंचित आंबट भाजी. शहरात तिची जुडी विकत मिळते. आमच्याकडे ती बांधावर फुकट उगवते, म्हणून तिला तण म्हणतात. सुरेखा मात्र हरखली. सोमवारपासून खिचडीत घोळच घालायचा असं तिने ठरवलं आणि मला सांगितलं, की गावाच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाका.

साधा! मी या वाडीतला लिहिणारा माणूस आहे. मंडळाचे फलक मी लिहितो, वाढदिवसाचे फ्लेक्स मी लिहितो, कोणी गेलं तर 'काळाने घाला घातला' हे वाक्य माझंच असतं. (गावात आणखी कोणाला ते सुचत नाही, आणि मला दुसरं सुचत नाही.) मी चहा घेतला, चष्मा पुसला आणि रविवारी दुपारी पुढील मजकूर गावाला अर्पण केला:

'पालकांनो, जागे व्हा! आपल्या अंगणवाडीच्या खिचडीत उद्यापासून घोळ! आजवर हा घोळ आपल्या पायाखाली होता, पण कोणाच्या लक्षात आला नाही. सौ. सुरेखाताईंनी तो मोठ्या मायेने वाढवला असून गावातल्या अनेक महिलांचा त्यात हात आहे. उद्या या आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आपला विनम्र, विलास.'

मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पहिला फोन एका निवृत्त मास्तरांचा आला. म्हणाले, "विलास, सख्ख्या बायकोच्या विरोधात उभं राहायला छाती लागते." मला वाटलं, मास्तर वयामुळे भरकटले. मी आभार मानून फोन ठेवला. मग बहिणीचा फोन आला, की तुमच्यात भांडण झालंय का आणि वहिनी माहेरी गेली का. वहिनी तर समोर घोळ निवडत बसली होती. तोवर दत्तूदादाने माझा मेसेज तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवून खाली 'चौकशी झालीच पाहिजे' असं लिहून टाकलं होतं. त्याखाली हात जोडलेल्यांची आणि संतापलेल्या तोंडांची रांग लागली, आणि मगच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता किंवा बायकोला विचारता झाला असता. पण लिहिणाऱ्याने केलेलं लिहिणाऱ्यानेच निस्तरावं, या बाण्याने मी ताबडतोब खुलासा टाकला:

'गैरसमज नसावा. सदर घोळ संपूर्ण नैसर्गिक असून वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. उरलेला घोळ घरोघरी वाटण्यात येईल. वरच्या मॅडमनाही त्यांचा वाटा पोचवण्यात येईल.'

सुरेखाने दोन्ही मेसेज वाचले, फोन माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा घोळ निवडायला बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी तिने घोळ घालून खिचडी शिजवली. लसणाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. पण अंगणवाडीत पोरं नव्हती. खिचडीत काहीतरी काळंबेरं आहे, हे मागच्या खोल्यांपर्यंत पोचलं होतं आणि आयांनी पोरं सरळ साइटवर नेली होती. मी रजा टाकून मदतीला गेलो होतो. अंथरलेल्या सतरंज्या, उपड्या घातलेल्या छोट्या ताटल्या आणि मधे वाफाळणारं पातेलं पाहून मला माझीच शरम वाटली, आणि मग रागही आला. इतक्या दिवसांत पोरं भाजीला तोंड लावायला शिकली होती आणि माझ्या एका शब्दाने ती परत पाकिटावर गेली होती.

तेवढ्यात वरच्या मॅडम आल्या. त्या अंगणवाड्या तपासणाऱ्या बाई, चेहऱ्यावर आपला वाटा ऐकल्याचा संताप. त्यांना आणायला दत्तूदादा स्वतः आपली पांढरी गाडी घेऊन गेला होता. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच. सुरेखा पातेलं झाकेपर्यंत मॅडमनी दारात बसलेल्या माझ्या आईलाच गाठलं. आईला ऐकू जरा कमी येतं, पण शब्द पक्के येतात.

"आजी, इथे घोळ आहे म्हणतात. खरं का?"

"हाय की. मागं लई माजलाय."

मॅडमचे डोळे मोठे झाले. "कधीपासून?"

"पयल्यापास्नं. माज्या सासूच्या येळंपास्नं हाय."

"आणि खातं कोण?"

"पयलं समदं गाव खायाचं. आता मेल्यांना खायाला लाज वाटती." आईने दत्तूदादाकडे हात केला. "ह्यो दत्तू तर ल्हानपनी दोन्ही हातानं खायाचा."

दादाचा चेहरा पडला. मॅडम त्याच्याकडे पाहू लागल्या. मी मधे पडून म्हणालो, की मॅडम, आमची आई भाजीबद्दल बोलतेय. मॅडमनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे वाटा पोचवणारे तुम्हीच का," असं त्यांनी विचारलं.

तेव्हा सुरेखा बाहेर आली. तिच्या हातात घोळाची मुळासकट उपटलेली जुडी होती आणि ती तिने मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी पानं उलटसुलट पाहिली, एक तोडून चावलं आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरल्या. म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमच्याकडे डाळीत घालतात. बरं, माझं समाधान झालं. पण मुलं कुठायत?"

"साइटवर."

"मग आज सुट्टी धरा. खुलासा लिहून द्या, उद्या बघू."

"सुट्टी न्हाई धरायची," सुरेखा म्हणाली. "खुलासा ह्यांनी कालच ल्हिलाय, त्याचं काय झालं बघितलं तुमी. आज पोरं उपाशी ऱ्हायली तर उद्या एक बी येनार न्हाई. पोरं भांड्याकडं येत नसतील तर भांडं पोरांकडं जाईल. दादा, गाडी काढा."

दादा काहीतरी बोलणार होता, पण मॅडम समोर होत्या आणि लहानपणी दोन्ही हातांनी खाल्ल्याचा आरोप अजून ताजा होता. त्याने गाडी काढली. पुढे मॅडम, मागे आई (ती अशा वेळी घरी थांबत नसते), सुरेखा, आणि कोपऱ्यात मी, मांडीवर पातेलं घेऊन. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही दादाने अजून काढलं नव्हतं. साइटच्या रस्त्यावर एक गतिरोधक आहे, तो रंगवायचं राहिलं होतं. दादाचं लक्ष आरशातून पातेल्यावर होतं, त्यामुळे त्याला तो दिसला नाही, आणि ब्रेक लागला तेव्हा खिचडीचा एक मोठा हिस्सा माझ्या पँटवर आणि उरलेला प्लास्टिकच्या फटीतून सीटवर गेला. मी बोंब मारली. सुरेखा म्हणाली, "पातेलं सोडू नगा." मी सोडलं नाही. त्या दिवशीची माझी कामगिरी तेवढीच, पण ती नोंदवलेली बरी.

साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी पोरं बसली होती. सगळ्यांच्या हातात पाकिटं होती. सुरेखाने तिथेच ताटल्या मांडल्या. आया लांब उभ्या राहून पाहत राहिल्या, कोणी पुढे येईना. तेव्हा सुरेखाने पहिली ताटली स्वतः घेतली आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच खायला लागली. दुसरी आईने घेतली, तिसरी मॅडमनी. मग फूलवती डोक्यावरची पाटी उतरवून आली. तिने ताटलीत वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, ये तो नोनिया है! हमारे गाँव में रोज बनता है। इसके लिए इतना हंगामा?"

तिने आपल्या पोरीच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि ताटली दिली. पोरगी एकदा ताटलीकडे, एकदा माझ्या पिवळ्या पँटकडे पाहत खायला लागली. मग बाकीची पोरं आली. पातेलं खरवडून संपलं. दत्तूदादाने दुसऱ्यांदा मागून खाल्लं, आणि सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी खाल्लं.

घरी आल्यावर दादाने तरीही आईची अट काढली. तक्रार आली होती, चौकशीही झाली होती, तेव्हा पट्टी पार्किंगला मिळाली पाहिजे. आईने विचारलं, तक्रार काय होती. दादा म्हणाला, अंगणवाडीत घोळ आहे अशी.

"मग हाय की," आई म्हणाली. "खरं बोलन्याला तक्रार म्हनत न्हाईत."

पट्टी बागेलाच राहिली. पोरं दुसऱ्या दिवसापासून परत आली आणि त्यांच्या मागोमाग पुढच्या खोल्यांतल्या मुलीही वाफे मागायला आल्या. दादाच्या गाडीत आजही ऊन तापलं की लसणाचा वास सुटतो.

माझं लिहिणं मात्र सुरेखाने काढून घेतलं. वाफ्यांच्या पाट्यांवरसुद्धा ती फूलवतीकडून चित्रं काढून घेते. माझ्याकडे आता मोटर बंद करायला विसरायचं काम तेवढं आहे, आणि ते मी प्रामाणिकपणे करतो. मॅडम अधूनमधून दुसऱ्या गावच्या सेविकांना बाग दाखवायला आणतात. सेविका आल्या आल्या विचारतात, "तो प्रसिद्ध घोळ कुठाय?" सुरेखा त्यांना आधी माझी ओळख करून देते, आणि मग वाफ्याकडे नेते.